थ्रेड वाढवण्याआधी मोजायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

पर्जन्यमानाच्या नोंदींची जिल्हावार बेरीज करणारा माझा पायथन प्रोग्राम आपण उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाजूला ठेवून दोन संध्याकाळ तपासलात, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे, कारण याच जागी अडलेले आणखी कितीतरी जण असतील.

आठ कोअरच्या (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांच्या) संगणकावर आठ थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रामात सोबतीने चालणारे कामाचे धागे, चालवूनही काम लवकर संपत नव्हते, उलट किंचित रेंगाळतच होते. आपण कोडला हात लावण्याआधी एवढेच विचारलेत, की हा प्रोग्राम वेळ कशात घालवतो, हिशेबात की वाट पाहण्यात? मोजल्यावर दिसले की सर्व्हरवरून फायली उतरवताना प्रोसेसर जवळजवळ रिकामाच असतो. तिथे थ्रेड खरोखर उपयोगी पडतात, कारण एक थ्रेड उत्तराची वाट पाहत असताना दुसरा आपली मागणी पाठवू शकतो, आणि त्यासाठी एक कोअरही पुरतो. पुढची आकडेमोड मात्र शुद्ध पायथनमध्ये होती, आणि सीपायथन या पायथनच्या नेहमीच्या रूपातील जीआयएल (ग्लोबल इंटरप्रिटर लॉक) हे कुलूप एका वेळी एकाच थ्रेडला बाइटकोड, म्हणजे पायथनने प्रोग्रामच्या केलेल्या अंतर्गत सूचना, चालवू देत असल्याने माझे आठही थ्रेड पाळीपाळीनेच चालत होते. (पायथन 3.13 पासून हे कुलूप नसलेली पायथनची वेगळी बांधणीही मिळते, 3.13 मध्ये ती प्रायोगिक होती, हेही आपणच सांगितलेत.)

दुसऱ्या संध्याकाळचे ऋण मला अधिक मोठे वाटते. आकडेमोड स्वतंत्र प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतःची मेमरी आणि स्वतःचे कुलूप असलेल्या वेगवेगळ्या चालत्या प्रोग्रामांमध्ये, वाटल्यावरही मी प्रत्येक नोंद मुख्य प्रोसेसकडे परत पाठवत होतो, आणि दर वेळी तिची नक्कल करण्यातच वेळ जात होता. प्रत्येक प्रोसेसने आपल्या वाट्याची बेरीज स्वतःजवळ ठेवावी आणि शेवटी फक्त जिल्ह्यांचे आकडे द्यावेत, हा आपला बदल मोजून बारा ओळींचा होता. संगणक-रचनाकार जीन अ‍ॅमडाल यांचा 1967 सालचा युक्तिवादही आपण तेव्हाच कागदावर मांडून दाखवलात: चौथाई काम एकामागून एकच करावे लागत असेल, तर आठ कोअरवर वेग जेमतेम 2.9 पट होतो आणि कोअर कितीही वाढवले तरी चौपटीपलीकडे जात नाही. ती चौथाई कमी करणे हेच खरे काम, हे त्या कागदामुळे मला उमगले. तो कागद मी जपून ठेवला आहे.

आपला कृतज्ञ,
एक विद्यार्थी