'शंभर टक्के नैसर्गिक' मेंदीने सुजलेले डोळे: तक्रार

मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,

आज तिसरा फोन झाला, म्हणून लेखी कळवते आहे.

वीस वर्षं मी घरीच मेंदी लावते. लोखंडी कढई, चहाचं पाणी, आवळा पावडर, रात्रभर भिजवणं, डोक्यावर तीन तास. या खेपेला तुमच्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे नुसत्या पाण्यात कालवली आणि अर्ध्या तासात धुतली. पांढरे केस थेट काळे झाले! मेंदीच्या पानाचा रंग केशरी-तांबूस असतो आणि तो दोन दिवसांत गडद होतो. नुसत्या मेंदीने केस काळे होत नाहीत, अर्ध्या तासात तर नाहीतच. मेंदी विकणाऱ्यांना हे ठाऊक असणारच.

दुसऱ्या दिवशी कपाळ, कान लाल झाले, पापण्या सुजल्या. त्वचेच्या डॉक्टरांना पीपीडीचा संशय आहे, म्हणजे केसांच्या डायमध्ये असतं ते रसायन. पाकिटावर त्याचं नाव नाही, सावधगिरीची सूचना नाही. पानांचं चित्र तेवढं मोठं आहे.

आजच्या फोनवर तुमच्या प्रतिनिधीने आधी माझं वय विचारलं. अठ्ठावन्न, म्हटलं. "या वयात स्किन नाजूक होतेच, मॅडम." मी विचारलं, पाकिटात मेंदीशिवाय काय आहे? "नॅचरल हर्ब्ज आहेत." कोणते? "ते सांगता येत नाही, मॅडम." अहो, माझा एक डोळा अजून पुरता उघडत नाही, असं सांगितलं. तर म्हणाला, "पुढच्या वेळी थोडी कमी लावून बघा." मी काही बोलायच्या आत "आणखी काही मदत हवी आहे का?" विचारून फोन बंद. थोडी कमी लावून बघा! सकाळपासून हेच वाक्य डोक्यात घुमतंय. डोळ्याच्या सुजेपेक्षा ते जास्त लागलं.

डाय लावायचा नाही, म्हणून तर मी मेंदी घेते. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून शेजारणीलाही हेच पाकीट घ्यायला लावलं होतं. काल जाऊन तिला ते वापरू नका म्हणून सांगून आले. फार वाईट वाटलं.

घटकांची पूर्ण यादी आणि या बॅचचा तपासणी अहवाल मला लेखी हवा आहे. डॉक्टरांचं बिलही तुम्हीच भरायचं आहे. मेंदीशिवाय आत काय आहे, एवढं तरी सांगा! पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर अन्न व औषध प्रशासनाकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. उरलेली मेंदी, पाकीट आणि पावती मी जपून ठेवली आहे.

तुमची आजवरची ग्राहक