जोर काढून न जाणारं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा दवाखान्यात तू सगळा वेळ टेबलाची कड नखाने खरवडत बसला होतास. डॉक्टरबाई तुझ्या वाढलेल्या छातीबद्दल काय सांगत होत्या त्यातलं निम्मंही तुझ्या कानात शिरलं नसणार, म्हणून लिहितोय. समोर बसून बोलायला लागलो की तू उठून जातोस. आणि खरं सांगू, मलाही जमत नाही.

आधी माझी चूक. पाच वर्षं तुला एकच ऐकवलं, 'जोर काढ, छाती बसेल आपोआप.' नुसती चरबी असती तर वजन उतरल्यावर कमी झालीही असती. पण बाईंनी अंगठा आणि बोट दोन बाजूंनी स्तनाग्राकडे सरकवत आणलं, तेव्हा खाली रबरासारखी चकती लागली. ती स्तनाची ग्रंथी. व्यायामाने ती झिजत नाही. तुझे सगळे जोर फुकट गेले, ते माझ्यामुळे.

वयात येताना हे पुष्कळ मुलांना होतं. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन, म्हणजे बायकी आणि पुरुषी हार्मोन, यांचा तोल तेवढ्यापुरता ढळतो आणि बहुतेकांचं ६ महिने ते २ वर्षांत आपसूक ओसरतं. तुझं १४व्या वर्षी सुरू झालं, आता तू १९चा. नुसतं थांबून आता फारसं काही व्हायचं नाही.

अंडकोष तपासले म्हणून तू चिडलास. तिथल्या गाठीमुळेही छाती वाढू शकते, म्हणून बघतात. रक्त घेतलं ते हार्मोन, थायरॉईड, यकृत, मूत्रपिंड पाहायला. जिममध्ये कुणी स्टिरॉइडचं इंजेक्शन टोचलं असेल तर त्यांना सांग. मला नाही सांगितलंस तरी चालेल.

टॅमोक्सिफेन नावाची गोळी आहे, मूळची स्तनाच्या कर्करोगावरची. दुखणं नवं असताना काही महिने देऊन पाहतात. वर्ष उलटलं की ग्रंथी आतून तंतुमय, घट्ट होते आणि गोळी तिला फारशी हलवत नाही. म्हणजे तुला उरली शस्त्रक्रिया. किंवा आहे तसं राहू देणं. तपासण्या चांगल्या निघाल्या तर त्यातही धोका नाही.

स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेला लहान छेद घेऊन ग्रंथी काढतात, भोवतीची चरबी नळीने ओढून घेतात. नुसत्या लायपोसक्शनने, म्हणजे फक्त चरबी ओढून, चकती बरेचदा मागे राहते, तेव्हा जाहिरातींना भुलू नकोस. आत रक्त साकळणं, बधिरपणा, दोन्ही बाजू सारख्या न दिसणं, जास्त काढलं तर खड्डा पडणं, हे सगळं होऊ शकतं. नंतर काही आठवडे घट्ट बनियन घालावं लागतं. त्याची तुला सवय आहेच म्हणा. भर उन्हाळ्यात तुझ्या शर्टाखाली दोन-दोन बनियन असायचे आणि मी तुला थंडी वाजते का म्हणून हसायचो.

रिपोर्टचं पाकीट आलंय. माझ्या टेबलाच्या वरच्या खणात ठेवलंय, उघडलेलं नाही.

बाबा