सोमवारच्या सुट्टीत रत्नागिरी पाहताना

महोदय,

शनिवार-रविवारला जोडून सोमवारी सरकारी सुट्टी आली की रत्नागिरीत गर्दी होते आणि सोमवारी अनेक जण थिबा राजवाड्याच्या बंद फाटकावरून मागे फिरतात. १९१० साली बांधलेल्या या राजवाड्यात वस्तुसंग्रहालय आहे. त्याची साप्ताहिक सुट्टीच सोमवारी असते. म्हणून राजवाडा आणि टिळक जन्मस्थान शनिवारीच पाहून घ्यावे. सोमवारसाठी रत्नदुर्ग, तिथलं भगवती मंदिर, १९३१ चं पतितपावन मंदिर, भाट्ये किनारा ठेवावा. गणपतीत, शिमग्यात तर रिक्षावाले, खानावळवाले आपापल्या गावी जातात. जेवणाचं, गाडीचं आदल्या दिवशीच सांगून ठेवावं. सुट्ट्यांचा फलक रेल्वे स्टेशनवर आणि एसटी स्टँडवर लागायला हवा. राजवाड्याच्या फाटकावर लावून काय उपयोग?

– एक वाचक, रत्नागिरी