ते दोन प्रश्न विचारल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

कसबा पेठेतल्या तुमच्या दवाखान्यातून आमच्याकडे मानसोपचारासाठी येणारा पेशंट नीट तपासलेला असतो. त्याबद्दल हे जाहीर आभार.

नैराश्याचा पेशंट ‘मी उदास आहे’ म्हणत क्वचितच येतो. अंग दुखतं, पित्त होतं, पहाटे साडेतीनला जाग येते ती येतेच, अशा तक्रारी असतात. तुम्ही ताकदीचं इंजेक्शन देऊन त्याला वाटेला लावत नाही. गेल्या २ आठवड्यांत मन खिन्न राहिलं का, आवडीच्या गोष्टींतली गोडी गेली का, हे विचारता. एकालाही ‘हो’ आलं की झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचालीतला मंदपणा किंवा अस्वस्थता, अपराधीपणा आणि मरणाचे विचार यांबद्दलही विचारता. आधीची दोन धरून या ९ पैकी ५ लक्षणं, त्यात पहिल्या दोनपैकी एक तरी, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, आणि रोजचं काम अडलेलं: मग तो आजार.

घरातलं माणूस गेलेल्याला तुम्ही घाईने गोळी देत नाही, हे आम्हाला विशेष मोलाचं वाटतं. दुःखाचे कढ येतात आणि ओसरतात. मधेच नातवाच्या बोलण्यावर हसू येतं, स्वतःबद्दलचा आदर शाबूत राहतो. नैराश्यात आनंदाची बातमीसुद्धा आत पोचत नाही, आणि सगळा दोष माणूस स्वतःवर घेतो. शोकातूनही आजार जडू शकतो, म्हणून तुम्ही पंधरा दिवसांनी परत बोलावता.

गोळीआधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघता. पूर्वी कधी झोपेविना भलता उत्साह, उधळपट्टी असे दिवस गेले होते का, हेही. हा प्रश्न राहून गेला तर बायपोलरच्या (कधी नैराश्य, कधी असा उन्माद येणाऱ्या आजाराच्या) पेशंटला नुसती नैराश्याची गोळी मिळते आणि तो उन्मादात जाऊ शकतो.

मळमळ, बेचैनी पहिल्याच आठवड्यात होते, गुण यायला मात्र २ ते ६ आठवडे लागतात. हे आधी न कळल्याने लोक मधेच गोळी सोडतात. तुम्ही ते मराठीत लिहून देता. बरं वाटल्यावरही किमान ६ महिने चालू, बंद करताना हळूहळू, आणि ही झोपेची गोळी नव्हे, हेही लिहिता. त्यामुळे ‘सवय लागेल हो’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना घरच्या घरी उत्तर मिळतं.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ हेही सरळ विचारता. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर पेशंटला एकटं सोडत नाही, औषधांचा साठा आणि कीटकनाशकं घरच्यांच्या ताब्यात द्यायला लावता, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर देता आणि त्याच दिवशी पुढे पाठवता. ‘येरवड्याला (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) नेणार का?’ या भीतीलाही तुम्ही शांतपणे उत्तर देता: बहुतेकांचे उपचार ओपीडीतच होतात.

तारीख चुकवलेल्या पेशंटला आठवणीने फोन करणाऱ्या तुमच्या कंपाउंडरताईंनाही आमचा नमस्कार सांगा.

आपले,
पुण्यात मानसोपचाराचं काम करणारे आम्ही काही जण