हे भाषण कुठल्या प्रतीवरून?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत कृष्णवर्णीय लेखकांच्या भाषणांचे अनुवाद येतात, हे चांगलेच आहे. पण अनुवाद ध्वनिमुद्रणावरून केला की छापील मजकुरावरून, याचा त्याखाली पत्ता नसतो.

नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी १८ फेब्रुवारी १९७५ रोजी ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जोसेफ कॉनरॅडच्या आफ्रिकेवरील ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ या कादंबरीवर व्याख्यान दिले. १९७७मध्ये ते छापले गेले तेव्हा कॉनरॅड ‘ब्लडी रेसिस्ट’ होता. १९८८च्या निबंधसंग्रहात तो ‘थरोगोइंग रेसिस्ट’ (म्हणजे पुरता वंशवादी) झाला. पहिल्यात शिवी आहे, दुसऱ्यात निदान. मराठीत दोन्हींना ‘कट्टर वंशवादी’ म्हणून मोकळे होता येते आणि खुद्द लेखकाने फिरवलेला शब्द वाचकाला कळतच नाही.

त्याआधी बरोबर दहा वर्षे, १८ फेब्रुवारी १९६५ला, अमेरिकन कृष्णवर्णीय लेखक जेम्स बॉल्डविन इंग्लंडमधल्या केंब्रिज युनियन या विद्यार्थ्यांच्या वादसभेत बोलले. तो वादविवाद होता. समोर अमेरिकेतले उजवे लेखक विल्यम बकली. ठराव असा, की अमेरिकन स्वप्न अमेरिकन निग्रोच्या जिवावर उभे आहे. बॉल्डविनची बाजू ५४४ विरुद्ध १६४ मतांनी जिंकली. ठराव वगळून नुसते भाषण छापले, तर रोख कुणावर आहे ते समजत नाही. शिवाय ‘निग्रो’ हा ठरावातलाच शब्द. तो धुऊनपुसून ‘कृष्णवर्णीय’ करू नये, हवी तर तळटीप द्यावी.

या भाषणाचा गाभा असा: कापूस मी वेचला, बाजारात मी नेला, दुसऱ्याच्या चाबकाखाली रेल्वे मी बांधली, फुकट. फुकट. बॉल्डविन १९२४ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, म्हणजे गुलामगिरी संपल्यावर जन्मले, म्हणून अनुवादकाला ‘आमच्या पूर्वजांनी’ लिहावेसे वाटते. तसे केले की वाक्यातला जीवच गेला. ‘मी’च ठेवावा. मराठीत तर इथे सोयच आहे: ‘मी वेचला’मध्ये क्रियापद कापसाच्या लिंगाने चालते, त्यामुळे त्या ‘मी’त राबलेल्या बायाही येतात. दुसरे ‘फुकट’ पुनरुक्ती समजून कापू नये, आणि त्या जागी ‘विनामोबदला’ तर नकोच. तो परिपत्रकातला शब्द. (‘वेठबिगारी’चाही मोह होतो, पण वेठबिगाराचा गुलामासारखा लिलाव होत नसे.) या भाषणाची चित्रफीत आहे. अनुवाद तिच्याशी ताडून पाहावा.

प्रत्येक अनुवादाखाली तारीख, ठिकाण आणि मूळ प्रत एवढे द्यावे. मजकूर गाळला असेल तिथे तीन टिंबे. जागा कमी पडत असेल, तर लेखकाचा अर्धपानी फोटो लहान करता येईल.

– एक वाचक