स्क्रोल सॉच्या ब्लेड-क्लॅम्पमधील दोष, सुट्या भागास नकार आणि वॉरंटी नाकारणे याबाबत तक्रार पत्र

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या १६ इंची स्क्रोल सॉ यंत्राचा वरचा क्लॅम्प बिनपिनेचे पाते धरून ठेवत नसल्याबाबत, तो सुटा भाग देण्यास नकार दिल्याबाबत आणि वॉरंटी अमान्य केल्याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावरून मी घेतलेले १६ इंची स्क्रोल सॉ यंत्र, म्हणजे बारीक नक्षी कापणारी विजेवरची करवत, वॉरंटीच्या मुदतीत असूनही, ज्या कामासाठी ते घेतले तेच काम करीत नाही, आणि त्याबद्दल आपल्या सेवा केंद्राने दिलेली उत्तरे मला मान्य नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. फोनवर दर वेळी वेगळा प्रतिनिधी बोलतो आणि त्याला सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. त्यामुळे दोष नेमका कोणता आहे हे सविस्तर आणि लेखी नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

मी कोल्हापुरात राहते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यानंतर लाकडातील जाळीकाम हा माझा छंद झाला आहे. नातेवाइकांच्या आणि परिचितांच्या घरांसाठी नावाच्या पाट्या, देवघराच्या जाळ्या, शेजारच्या मुलांसाठी अक्षरांची कोडी असे काम मी सागवान, शिवण आणि बर्च प्लायवूडमध्ये करते. यातले काहीही मी विकत नाही, हे मुद्दाम नमूद करते, कारण यंत्राचा वापर व्यावसायिक असल्याची शंका आपल्या एका प्रतिनिधीने बोलून दाखवली होती.

आपल्या जाहिरातीत या यंत्राला १२७ मिलीमीटर लांबीची पिनेची आणि बिनपिनेची अशी दोन्ही प्रकारची पाती चालतात असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. याच एका विधानावर विसंबून मी हे यंत्र निवडले. केवळ पिनेचे पाते घेणारी यंत्रे याहून बऱ्याच कमी किमतीत मिळत होती आणि ती मी जाणीवपूर्वक बाजूला ठेवली. दोन प्रकारच्या पात्यांमध्ये काय फरक पडतो, हे आपल्या सेवा केंद्रातील कोणालाही माहीत असल्याचे मला जाणवले नाही, म्हणून तो येथे सांगते.

जाळीकामातील निम्म्याहून अधिक कापणी आतली असते. नक्षीतल्या प्रत्येक बंद पोकळीत आधी ड्रिलने भोक पाडावे लागते, पाते वरच्या क्लॅम्पमधून सोडवून त्या भोकातून ओवावे लागते, पुन्हा वर बसवून ताण द्यावा लागतो आणि मगच कापणी सुरू होते. पिनेच्या पात्याच्या टोकाला आडवी पिन असल्यामुळे ते ओवायला सुमारे पाच मिलीमीटरचे भोक लागते, तर बिनपिनेचे बारीक पाते दीड मिलीमीटरच्या भोकातूनही सहज जाते. शिवाय बिनपिनेचे तीन क्रमांकाचे पाते रुंदीला एक मिलीमीटरही भरत नाही, त्यामुळे ते जागच्या जागी वळते. पिनेचे पाते इतके बारीक मिळत नाही.

देवनागरी अक्षरे कापणाऱ्याला हा फरक टाळताच येत नाही. शिरोरेषेमुळे आपल्या लिपीतला सबंध शब्द लाकडात एकसंध निघतो. ‘ग’ किंवा ‘ण’ यांचे सुटे अवयवही शिरोरेषेला लटकून राहतात आणि हा लाकूडकामाच्या दृष्टीने या लिपीचा मोठाच गुण आहे. पण त्याच अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या फार लहान असतात. ‘व’च्या पोटात एक पोकळी असते, ‘ब’मध्ये तिरक्या रेघेने तिचे दोन तुकडे होतात, ‘ष’चेही तसेच, आणि ‘भ’ किंवा ‘म’ची गाठ मोकळी दाखवायची तर तिथे जेमतेम दोन-तीन मिलीमीटर जागा उरते. तळहाताएवढ्या उंचीच्या पाटीवर पाच मिलीमीटरचे भोक पाडले तर ‘ब’ची पोकळी त्या भोकातच संपते आणि अक्षराचा पोटफोड, म्हणजे पोटातली तिरकी रेघ, नाहीसा होऊन केवळ गोल छिद्र शिल्लक राहते. वळणाचा, जाड-बारीक रेषेचा सगळा विचार तिथे वाया जातो. म्हणून माझ्यासाठी बिनपिनेचे पाते ही जास्तीची सोय नसून यंत्र घेण्याचे एकमेव कारण होते.

आता प्रत्यक्ष दोषाकडे येते. आपल्या यंत्राच्या वरच्या क्लॅम्पमध्ये पाते एका अरुंद खोबणीत उभे राहते आणि बाजूने हाताने फिरवायचा स्क्रू येऊन त्याला समोरच्या भिंतीवर दाबतो. अशा रचनेत स्क्रूचे टोक सपाट असावे लागते, म्हणजे पात्याची सपाट बाजू दोन समांतर पृष्ठांमध्ये पक्की धरली जाते. आपल्या क्लॅम्पमधील स्क्रूचे टोक निमुळते आहे. त्यामुळे सगळा दाब एका बिंदूवर येतो, पाते त्या बिंदूभोवती किंचित फिरते आणि ताण दिल्यावर हळूहळू खाली सरकते. त्यातच क्लॅम्पचा ठोकळा मऊ ओतीव धातूचा असल्याने समोरच्या भिंतीत खळगा पडला आहे आणि स्क्रूच्या भोकातले आटेही झिजून गेले आहेत. आता स्क्रू काही अंतर घट्ट होतो आणि पुढे नुसताच फिरतो. त्याला मी कधीही पक्कड किंवा पाना लावलेला नाही. आपल्या माहितीपुस्तिकेत ‘केवळ हाताने आवळावे’ असे लिहिले आहे आणि त्याप्रमाणेच मी तो आवळत आले आहे.

नवीन पात्यांवर कारखान्यातून तेलाचा पातळ थर आलेला असतो आणि त्यामुळेही पाते सरकू शकते, हे मला माहीत आहे. म्हणून प्रत्येक पात्याची दोन्ही टोके स्पिरिटने पुसून, बारीक पॉलिश पेपरने किंचित खरखरीत करून मगच मी ती बसवते. खालच्या क्लॅम्पमध्ये तीच पाती उत्तम टिकतात. म्हणजे दोष पात्यांत असता तर तो दोन्हीकडे दिसला असता. तो केवळ वर दिसतो.

यंत्र चालू असताना पाते वरून सुटते तेव्हा केवळ काम बिघडत नाही. हे यंत्र पूर्ण वेगात पाते मिनिटाला १,६०० वेळा वर-खाली हलवते. वरचे टोक मोकळे झाले की ताणाखाली असलेला आर्म, म्हणजे पाते वरून ताणून धरणारा दांडा, उसळतो, पात्याचे मोकळे टोक लाकडावर आणि बोटांच्या आसपास आपटत राहते आणि खालचा क्लॅम्प त्याला तसेच वर-खाली हलवत राहतो. बारीक कामात दोन्ही हातांची बोटे पात्यापासून इंचभर अंतरावर असतात. आजवर मला इजा झालेली नाही, पण ती होईपर्यंत थांबण्याची माझी तयारी नाही. हाच छंद एखाद्या शाळकरी मुलाने आपल्या यंत्रावर सुरू केला असेल तर काय होईल, याचा विचार आपण करावा असे मला कळकळीने वाटते.

याच क्लॅम्पशी संबंधित आणखी एक गोष्ट आहे. वरचा आणि खालचा क्लॅम्प एका उभ्या रेषेत नसल्याने पाते पुढे झुकलेले राहते. गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) टेबलावर ठेवून पात्याच्या मागे लावला की फट स्पष्ट दिसते. आपल्या प्रतिनिधीने टेबल समायोजित करण्यास सांगितले. परंतु टेबल केवळ डावी-उजवीकडे कलते, आणि तो कोन मी जाड ठोकळ्यावर उथळ चीर घेऊन, ठोकळा उलट फिरवून, पाते मागच्या बाजूने त्याच चिरेत शिरते का हे पाहून आधीच नेमका जुळवला आहे. पुढे-मागे असलेला झुकाव टेबलाने दुरुस्त होत नाही. त्याचा परिणाम असा होतो की तीव्र वळणावर पाटीच्या वरच्या बाजूचा कोपरा एका ठिकाणी आणि खालच्या बाजूचा दुसऱ्याच ठिकाणी पडतो. सहा मिलीमीटरच्या प्लायवूडमध्ये हे खपून जाते, सागवानाच्या जाड फळीत ते खपत नाही.

न्यायाने बोलायचे तर यंत्राच्या इतर भागांविषयी माझी तक्रार नाही. मोटर शांत चालते, वेग कमी-जास्त करणारी चकती व्यवस्थित आहे, आणि बिडाचा तळ इतका चांगला ओतलेला आहे की टेबलावर थरथर जाणवत नाही. ओतकामाच्या गावात राहत असल्याने चांगले बीड मला ओळखता येते. एवढे सगळे नीट करून, प्रत्यक्ष पाते धरणाऱ्या बोटाएवढ्या भागात आपण हलका माल का वापरला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या सेवा केंद्राने दिलेल्या उत्तरांकडे वळते. पहिले उत्तर असे की बाहेरची पाती वापरल्यामुळे वॉरंटी रद्द झाली आहे. आपण यंत्रासोबत दिलेली पाती सर्व पिनेची होती, आणि बिनपिनेची पाती आपल्या संकेतस्थळावर विक्रीलाच नाहीत. मग जाहिरातीत चालतात म्हणून सांगितलेली बिनपिनेची पाती ग्राहकाने बाहेरून घ्यायची नाहीत, तर ती आणायची कोठून? १२७ मिलीमीटर ही या पात्यांची सर्वत्र रूढ असलेली लांबी आहे आणि आपल्याच पुस्तिकेत ती छापलेली आहे.

दुसरे उत्तर असे की क्लॅम्प सुटा मिळत नाही, सबब संपूर्ण यंत्र स्वखर्चाने परराज्यातील केंद्रात पाठवावे. बिडाचा तळ असलेले हे अवजड यंत्र पेटीत बांधून पाठवण्याचा खर्च आणि वाटेत आर्म वाकण्याचा धोका मी का पत्करावा, हा प्रश्न आहेच. त्याहून मोठा प्रश्न असा की, जो भाग आपल्याकडे नाहीच, तो तेथे तरी कसा बदलला जाणार? यावर मला उत्तर मिळालेले नाही. तिसरे उत्तर म्हणून मला सवलतीच्या दरात नवे यंत्र सुचवण्यात आले. त्या नव्या यंत्राच्या छायाचित्रात क्लॅम्प हाच दिसतो.

आमच्या उद्यमनगरातील एका लेथ कारागिराला मी हा क्लॅम्प दाखवला. त्याने तो हातात घेताच टोकाचा आणि धातूचा दोष सांगितला आणि पोलादी ठोकळा व सपाट टोकाचा स्क्रू करून देण्याची तयारी दर्शवली. पण तसे केल्यास उरलेली वॉरंटी राहील का, असे विचारल्यावर आपल्या केंद्राने स्पष्ट नकार दिला. म्हणजे आपण भाग देणार नाही आणि दुसऱ्याकडून करून घेऊही देणार नाही, अशी ही स्थिती आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र पोर्टल सुरू केले, त्यामागचा विचार हाच होता की एका लहान भागासाठी चालू स्थितीतली वस्तू टाकून देण्याची वेळ ग्राहकावर येऊ नये. लाकूडकामाची यंत्रे विकणाऱ्या कंपनीला हा विचार परका वाटू नये, कारण या कामातली माणसे आजोबांचा रंधा आणि पटाशी अजून वापरत असतात.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार वस्तूतील दोष, सेवेतील उणीव आणि दिशाभूल करणारी जाहिरात या तिन्हींबद्दल दाद मागता येते, आणि माझ्या प्रकरणात या तिन्ही गोष्टी आहेत. यंत्र आपल्या संकेतस्थळावरून घेतलेले असल्याने ई-वाणिज्याविषयीचे २०२० चे नियमही लागू होतात. त्यानुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण करणे तक्रार निवारण अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. माझ्या आधीच्या ईमेलना पोचसुद्धा मिळालेली नाही.

माझी मागणी अशी आहे. सपाट टोकाचा स्क्रू असलेला, टिकाऊ धातूचा वरचा क्लॅम्प आपण आपल्या खर्चाने मला पाठवावा आणि तो बसवून दोन्ही क्लॅम्प एका रेषेत आणण्यासाठी तंत्रज्ञ पाठवावा. तंत्रज्ञ पाठवणे शक्य नसेल, तर स्थानिक कारागिराकडून हे काम करून घेण्यास लेखी परवानगी द्यावी, त्याचा खर्च भरून द्यावा आणि त्यामुळे वॉरंटीला बाधा येणार नाही असे लेखी कळवावे. मला परताव्यापेक्षा दुरुस्त यंत्र हवे आहे. मात्र यातले काहीच होणार नसेल, तर यंत्र आपल्या खर्चाने परत नेऊन बिलाची पूर्ण रक्कम परत करावी. त्याशिवाय, क्लॅम्प बदलला जात नाही तोवर जाहिरातीतून बिनपिनेच्या पात्यांचा उल्लेख काढून टाकावा आणि ज्यांनी हे यंत्र आधीच घेतले आहे त्यांना पाते सुटण्याच्या धोक्याची सूचना द्यावी. ही शेवटची मागणी माझ्या वैयक्तिक नुकसानीशी संबंधित नसली तरी मी ती तितक्याच आग्रहाने करीत आहे.

हे पत्र मिळाल्यापासून एक महिन्यात निवारण न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि कोल्हापूर येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करण्याची सोय कायद्यात आहे, त्यामुळे आपले कार्यालय दुसऱ्या राज्यात असल्याने मला अडचण येणार नाही. उत्तर कृपया लेखी आणि मराठीत द्यावे.

आपली,
(नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक सोबतच्या बिलावर आहेत)

सोबत : बिलाची प्रत, वॉरंटी कार्डाची प्रत, अनुक्रमांकाचे छायाचित्र, खळगा पडलेल्या क्लॅम्पची आणि निमुळत्या स्क्रूची जवळून घेतलेली छायाचित्रे, गुण्या लावून घेतलेले पात्याचे छायाचित्र, जाहिरातीच्या पानाची छापील प्रत, सेवा केंद्राशी झालेला ईमेल-व्यवहार.