संगमावरच्या समूहगानाविषयी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

चांगदेव गावाजवळच्या तापी-पूर्णा संगमासाठी मी आणि माझे कवी मित्र मिळून एक समूहगान रचत आहोत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ‘तिथे पुण्याची गायक मंडळी आणून काय साधणार?’ हा बाबांचा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत मिटवण्यासारखा नव्हता, म्हणून हे पत्र.

बाबा, तुमचे म्हणणे मला पटले आहे. हे गाणे तिथल्याच माणसांनी गायचे असे आता आमचे ठरले असून, त्या निर्णयामुळे सारी रचनाच बदलली. गाणाऱ्यांचे दोन गट असतील. एक तापीचा, त्यात आपल्याकडच्या बाया आणि भजनी मंडळातले पुरुष आपल्या तावडी बोलीत गातील. दुसरा पूर्णेचा, ती नदी वऱ्हाडातून येते, म्हणून त्या गटाचे शब्द वऱ्हाडीत आहेत. कवी मूळचे मलकापूरकडचे असल्याने वऱ्हाडी त्यांच्या घरचीच आहे. तावडीसाठी मात्र त्यांना आईची मदत हवी आहे. दोन्ही गट आरंभी एकमेकांपासून दूर उभे राहून आळीपाळीने गातील आणि हळूहळू एका चालीत येतील. हतनूर धरणाच्या फुगवट्यामुळे संगमावरचे पाणी संथ आणि रुंद झाले आहे, दोन प्रवाहांची धडक तिथे दिसत नाही. म्हणून मीही दोन चालींची टक्कर न करता एक चाल दुसरीत नकळत मुरत जाईल अशी स्वररचना केली आहे.

शब्दांविषयी आमची बरीच चर्चा झाली. वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन निघालेले चांगदेव आणि चालणारी भिंत सर्वांनाच परिचित आहेत, त्यामुळे ती कथा आम्ही घेतली नाही. आम्हाला महत्त्वाचा वाटला तो त्यांनी ज्ञानदेवांना धाडलेला कोरा कागद. मायना काय लिहावा हेच न सुचल्याने एवढ्या मोठ्या योग्याने कागद कोरा पाठवला आणि त्याला पासष्ट ओव्यांचे उत्तर आले, ही परंपरेतली गोष्ट मला फार मोलाची वाटते. म्हणून आमच्या गाण्याचा आरंभ शब्दांशिवाय, केवळ ‘आ’ या स्वराच्या आलापाने होतो. कवीने आपले शब्द इतका वेळ मागे ठेवायला संमती देणे ही सोपी गोष्ट नव्हे, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पहिला शब्द एकट्या मुलीच्या आवाजात येतो. तो मुक्ताबाईचा आवाज. 1297 मध्ये याच तापीकाठी, मेहूणच्या परिसरात, वीज कडाडली आणि ती गुप्त झाली असे मानतात, तेव्हा तिचे वय जेमतेम अठराचे होते. म्हणून हा भाग एखाद्या शाळकरी मुलीनेच गावा, असा माझा आग्रह आहे.

आई, चालीचा पाया तुझ्या जात्यावरच्या ओव्यांचा आहे. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड असतो. त्या आखूड चरणानंतर जी जागा मोकळी राहते, तिथेच दुसरा गट आपला चरण उचलतो आणि पहिल्याला श्वास घ्यायला अवसर मिळतो. ही चाल चार-पाच स्वरांतच फिरते, त्यामुळे गाणे न शिकलेल्या बायांनाही ती गळ्यात बसेल. उघड्यावर वाऱ्यात स्वरांचे फार थर टिकत नाहीत, म्हणून दोन चाली आणि खाली पुरुषांचा अखंड षड्ज, म्हणजे ‘सा’, एवढेच ठेवले आहे.

संगमावरचे चांगदेवांचे देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने आवारात कार्यक्रमासाठी परवानगी लागते. ती न मिळाल्यास काठावरच गाऊ. महाशिवरात्रीच्या यात्रेतल्या गर्दीत हे गाणे मला करायचे नाही. यात्रा ओसरल्यावरचा एखादा दिवस निवडावा असे वाटते.

बाबा, तुमच्या मंडळाची पट्टी चढी असते आणि बायांना त्या उंचीवर गाणे जड जाईल. पखवाजवाल्या काकांशी बोलून मंडळी एखादी पट्टी खाली यायला तयार होतील का, ते विचारून ठेवा. आई, तुला आठवतील तेवढ्या ओव्या फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठव. आवाज थकला आहे म्हणून टाळू नकोस, मला शब्दांइतकीच तुझी लय हवी आहे. दिवाळीत आम्ही दोघे येऊ, तेव्हा पहिली तालीम आपल्याच ओसरीवर घेऊ.

तुमची लेक